कागदावर बरा झालेला माणूस

बाबा गेले हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक होतं, वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना ठाऊक होतं, ज्या ज्या इमारतींच्या लिफ्ट बाबा दुरुस्त करायचे तिथल्या रखवालदारांना ठाऊक होतं. ते सगळे येऊन बसून गेले होते, डोळे पुसून गेले होते. ठाऊक नव्हतं ते फक्त विमा कंपनीला. कंपनीच्या लेखी बाबा ठणठणीत बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले होते.

झालं होतं असं, की हॉस्पिटलच्या शेवटच्या बिलावर अगदी तळाला एक बारीकशी चौकट असते. रुग्णाचं पुढं काय झालं, ते तिथं लिहायचं. कॉम्प्युटर आपला आपण तिथं ‘सुधारणा होऊन घरी’ असं घालून ठेवतो, आणि ज्याचं तसं झालं नाही त्याच्यापुरतं ते कुणीतरी हातानं बदलायचं असतं. बाबांच्या वेळी ते बदलायचं राहून गेलं. कंपनीनं बिल पाहिलं आणि हात झटकले. बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी श्वासाचं यंत्र कशाला लागलं, असा त्यांचा सवाल. तसा सवाल वाजवीच होता. पण त्या सवालापायी दावा नामंजूर झाला आणि काकांनी घरदुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले जे पैसे हॉस्पिटलात भरले होते, ते तसेच अडकून पडले.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना दिसेनासं झालं की ती त्यांना काचेमागून काच लावून बघायला सांगायची, आता कसं, आता बरं का, आता? कंपनीला जे दिसत नव्हतं त्यासाठी मात्र तिच्याकडं कुठली काच नव्हती. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन ती बिलाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“काय म्हणणं आहे तुमचं?” खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

“माझे वडील वारले. इथंच, तुमच्या वरच्या मजल्यावर. आणि तुम्ही लिहिलंय की घरी गेले.”

बाईंनी पडद्यावर पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. “अगं बाई! हे बदलायचं राहिलंय. त्या दिवशी खिडकीवर मी एकटीच होते हो.”

“मग आता बदलून द्या.”

“माझ्या हातात असतं तर लगेच दिलं असतं. एकदा बिल निघालं की वरून मंजुरी लागते.”

“वरून म्हणजे किती वरून?” लेक म्हणाली. “माझे वडील गेलेत तिकडं. त्यांनाच सांगू का घेऊन ठेवायला?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईंचा चेहरा पडला. त्या उठल्या, खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली आणि रांगेची कुरकुर पाठीवर घेत स्वतः वर गेल्या. परत आल्या तेव्हा दुरुस्त केलेलं बिल हातात होतं. त्या चौकटीत आता ‘मयत’ लिहिलं होतं. लेकीनं ते वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. आभार मानले. बाहेर येऊन बसच्या थांब्यावर उभी राहिली तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग आपण काय जिंकलो हे आठवलं. तेवढ्यात बस आली.

त्या दिवसांत घरात आई असायची आणि आईचं शिलाईचं यंत्र. आई पडदे शिवायची, उशांचे अभ्रे शिवायची. पूर्वी पायाखाली यंत्र धावू लागलं की तिच्या तोंडी काहीबाही यायचं, स्वतःच जुळवलेलं, यंत्राच्या चालीवर बेतलेलं. एका दमात सुरू व्हायचं आणि धागा तुटला की तिथंच थांबायचं. बाबा म्हणायचे, “आमच्याकडं रेडिओ नको, वीज खात नाही असला आहे एक.” आता यंत्र चालायचं, पण मुक्यानं. स्वयंपाकही तसाच झाला होता. भाजीला चव म्हणून नसायची, मीठ जवळपास नाहीच. लेक वरून मीठ घ्यायची नाही. दुःखात माणसाचा हात आखडतो, असं समजून ती तसंच जेवायची.

आणि रोज दुकानाच्या मागच्या खोलीत, चष्म्यांच्या डब्यांमध्ये बसून, ती कंपनीशी फोनवर भांडायची. आधी संगीत वाजायचं. मग एक बटण, मग दुसरं बटण, मग पुन्हा संगीत. ते संपलं की कुणीतरी गोड आवाजात पहिल्यापासून सगळं विचारायचं. दुरुस्त बिल पाठवून बरेच दिवस उलटले तेव्हा कुठं दावे बघणारा अधिकारी स्वतः फोनवर आला.

“मॅडम, तुमचा दावा चौकशीत ठेवलाय.”

“आता कसली चौकशी? बिल दुरुस्त करून पाठवलं ना! मृत्यूचा दाखला पाठवला!”

“तेच तर. एका बिलात रुग्ण बरा, दुसऱ्यात मयत. कुठलं धरायचं? शिवाय घरी सोडलेल्या रुग्णांना आमच्या देखभाल विभागातून दर आठवड्याला फोन जातो. तुमच्याही घरी जातोय. रुग्णाची तब्येत सुधारते आहे, असं घरूनच सांगितलं जातंय.”

“साफ खोटं आहे!” लेकीचा आवाज चढला. पुढं दुकानात काच लावून बसलेलं गिऱ्हाईक दचकलं. “आमच्या घरातून कोण सांगेल असलं? माणूस पोचवून आलोय आम्ही, आणि तुम्ही म्हणता…”

“मॅडम, फोन रेकॉर्ड होतात,” अधिकारी शांतपणे म्हणाला. “ज्यांनी हे सांगितलं त्यांनीच आपल्या आवाजात खरं काय ते सांगावं लागेल. तोवर मला काही करता येत नाही. मला तुमच्याशी वैर नाही हो.”

तिनं मालकाला सांगितलं आणि तडक घराकडं निघाली. रागानं पाय भराभर उचलत होते. वाटेत मनातल्या मनात ती आईला सगळं सांगत होती: बघ, कसे खोटारडे लोक आहेत, मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत.

दार लोटलेलं होतं. यंत्र बंद होतं. आतून आईचा आवाज येत होता, आणि तो ऐकून लेक उंबऱ्यातच थांबली. हा आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. जरा लाडिक, जरा तक्रारीचा. बाबांबद्दल शेजारणीशी बोलताना आईचा असायचा तोच.

“ऐकतात कुठं गं!... हो, मीठ कमी केलंय ना, तू सांगितल्यापासून. आधी तोंड वाकडं केलं, आता मुकाट जेवतात... चालले की. काल कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. काठी घ्या म्हटलं, तर म्हणतात, मी काय म्हातारा झालोय?... झोप लागते. मध्ये एकदा उठतात, पाणी पितात, परत झोपतात... बरं, बरं. तू पण वेळेवर जेवत जा.”

फोन ठेवून आई वळली आणि दारात लेक दिसली.

“आज लवकर आलीस?”

“कुणाशी बोलत होतीस आई?”

“ती... पोरगी असते एक. तब्येत विचारते.”

“कुणाची?”

आईनं मांडीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला सुरुवात केली. एकेक उचलून ती तळहातावर ठेवत राहिली.

“आई, मी तिकडं रोज भांडतेय की माझे वडील मेलेत, मेलेत, मेलेत! आणि तू इथं त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरायला पाठवतेस?”

आईला एकदम हसू आलं. खरंखुरं हसू, पदरामागून फुटलेलं. लेकीलाही येऊ घातलं होतं, पण त्याआधीच आईचं थांबलं.

“तू ओरडू नकोस,” ती म्हणाली. “मी ठरवून नाही केलं. ते माणसं यायचे दिवस होते. जो येईल तो म्हणायचा, वाईट झालं, धीर धर. मग एके दुपारी सगळे गेले, घर रिकामं झालं आणि हा फोन आला. म्हणाली, काकू, काकांची तब्येत कशी आहे? जेवतात का? अगं, ते असल्यासारखं त्यांच्याबद्दल विचारणारं कुणी उरलंच नव्हतं ना. माझ्या तोंडून निघून गेलं, बरे आहेत. फोन ठेवला, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला दोन घास गेले.”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. पण तिनं विचारलं, चालतात का? मी म्हटलं, घरातल्या घरात. आता आजारी माणूस तेवढं तर चालणारच. मग तिनं विचारलं, आता जिना उतरतात का?... मी नाही गं त्यांना बरं केलं. तिच्या-माझ्या बोलण्यात ते आपले हळूहळू बरे होत गेले.”

लेक खाली बसली. सगळ्या रागाची हवा निघून गेली होती. तिनं अधिकाऱ्याचं म्हणणं सावकाश सांगितलं: तुझा आवाज त्यांच्याकडं आहे, तूच सांगायला हवं, एकदाच, एवढंच की ते वारले.

“मी नाही सांगणार.”

“आई, काकांचे पैसे...”

“काकांचे मी शिवून फेडीन. किती पडदे लागतील तेवढे लागोत. तू सांग हवं तर, तुला येतं ते बोलता. मला नाही येत.”

आणि ती यंत्रापुढं जाऊन बसली. कापड पुढं सरकत राहिलं. लेकीनं तिच्या पाठीकडं पाहिलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की माणसं येऊन बसत होती, रडत होती, त्या सगळ्या दिवसांत ‘गेले’ असं आईनं एकदाही म्हटलं नव्हतं. दुसरेच म्हणायचे, आई ऐकून घ्यायची.

पुढचा आठवडा अबोल्यातच गेला. दोघी एकमेकींना ताट वाढायच्या, दिवा मालवू का विचारायच्या, त्यापलीकडं काही नाही. लेकीनं अधिकाऱ्याला फोन केला नाही. तिला कळेना, कुणाची बाजू घ्यावी. काकांच्या गळक्या छताची, की एका बाईच्या आठवड्यातून एकदाच्या सुखाची.

फोनचा दिवस आला तेव्हा तिची सुट्टी होती. आईच्या हातात भलामोठा पडदा होता, टाचण्या लावलेला. फोन वाजला. आईनं लेकीकडं पाहिलं, मग मानेनंच खूण केली: स्पीकर लाव. लेकीनं लावला आणि फोन आईपुढं धरला.

“काकू, नमस्कार! कशा आहात? आणि आमचे काका?” आवाज विशीतला असावा, उत्साहानं भरलेला. “आज आनंदाची बातमी आहे. काका आता छान हिंडतात-फिरतात ना, म्हणून आजचा आपला शेवटचा फोन. ‘पूर्ण बरे’ असं लिहून मी फाइल बंद करते. फक्त एक नियम आहे, शेवटी रुग्णाशी स्वतः दोन शब्द बोलावे लागतात. देता ना काकांना फोन?”

आईनं मान वर केली. तिची नजर पलंगावरून गेली, खिडकीजवळच्या खुर्चीवरून गेली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. कुठं बसलेत ते बघून हाक मारावी, तशी. पडद्यातली एक टाचणी निसटून फरशीवर पडली.

“काकू? ऐकू येतंय ना?”

“येतंय पोरी,” आई म्हणाली. “त्यांना देता नाही यायचं. ते वारले.”

पलीकडून पोरगी भेदरून म्हणाली, “अरे देवा! कधी? अहो, मागच्या आठवड्यात तर कोपऱ्यापर्यंत चालले होते! काय झालं एकाएकी? मी काही चुकीचं सांगितलं का हो काकू? मीठ, चालणं...”

“नाही गं बाळा. तुझं काही चुकलं नाही.” आईनं पडदा बाजूला ठेवला. “तुझा पहिला फोन आला ना, त्याच्या आधीच ते गेले होते. हॉस्पिटलातच. मी तुला खोटं सांगत होते.”

लेकीनं फोन तसाच धरून ठेवला. तिला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं, आता आई थांबेल. पण आई थांबली नाही. बांध फुटल्यागत नव्हे. शांतपणे, एकेक टाका घालावा तसं ती बोलत राहिली.

“सकाळची वेळ होती. माझी लेक खाली तुमच्याच खिडकीवर गेली होती, विम्याच्या. कसली सही आणायला. त्यांना श्वास पुरत नव्हता, तोंडावर त्या यंत्राचा मुखवटा, तरी तो बाजूला सरकवून मला म्हणतात, ऐक, लिफ्टचं दार घासतंय. लिफ्टचेच मिस्त्री ना ते. म्हणाले, कुणाला तरी सांग, नाहीतर एखाद्याचा हात अडकेल. मी म्हटलं, राहू दे की आता. तर डोळे वटारले. म्हणून मी उठले, दारापर्यंत गेले, तिथं एक नर्स होती तिला सांगितलं. परत येऊन म्हटलं, सांगितलं हो. तर ऐकायला ते नव्हते.”

लेकीला हे ठाऊक नव्हतं. तिला सांगण्यात आलं होतं की झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्या सकाळी सही घेऊन, धावतपळत, त्याच लिफ्टनं ती वर आली होती. दार उघडताना कर्रर्र झालं होतं आणि तिनं वैतागून त्याला हाताचा धक्का दिला होता.

“काकू,” पोरगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “हा फोन रेकॉर्ड होतोय.”

“होऊ दे. त्यासाठीच सांगतेय. माझी लेक महिनाभर तुमच्या लोकांशी भांडतेय. ती खरी आहे. खोटी मी.”

“मी लिहिते तसं. वर पाठवते, आजच.” मग हळूच, “काकू, मला ना, तुमचे फोन आवडायचे. बाकीचे लोक म्हणतात बरंय, बरंय, आणि ठेवून देतात. काका तोंड वाकडं करतात ते मी घरी जाऊन माझ्या आईला सांगितलं होतं.”

“करायचेच ते तोंड वाकडं,” आई म्हणाली. “त्यात खोटं काही नव्हतं.”

“बरं काकू. काळजी घ्या त्यांची,” पोरगी सवयीनं बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली असावी. “म्हणजे तुमची. तुमची घ्या.”

फोन बंद झाला. आईनं खाली वाकून फरशीवर हात फिरवत टाचणी शोधली, सापडली, ती टाचण्यांच्या गादीत खोचली. लेकीला खूप काही विचारायचं होतं. तिनं एवढंच विचारलं, “मला का नाही सांगितलंस? लिफ्टचं?”

“तू सहीसाठी गेली होतीस,” आई म्हणाली. “तुला आयुष्यभर ती सही डाचली असती.”

दोघींनी मग बराच वेळ मिळून त्या पडद्याला टाचण्या लावल्या. आई एका टोकाला, लेक दुसऱ्या.

अधिकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. मग म्हणाला, चौकशी मागे घेतोय, बिल मान्य आहे. लेकीनं बरं म्हटलं. याच माणसाला ऐकवायची म्हणून कितीतरी वाक्यं तिनं चष्म्यांच्या डब्यांमध्ये बसून तयार केली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही.

पैसे जमा झाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा ती घरीच होती, आतल्या खोलीत, बाबांच्या कपाटापुढं. कपडे कुणाला द्यायचे, काय ठेवायचं ते बघायला म्हणून कपाट उघडलं होतं. निरोप वाचून तिनं काकांना कळवलं. काकांचं उत्तरही लगेच आलं. एक काम संपलं.

बाहेर कुणीतरी आलं होतं. आईचं जुनं गिऱ्हाईक, पलीकडच्या पेठेतल्या शाळेतल्या मास्तरीणबाई. बाबा आजारी पडायच्या आधी कापड टाकून त्या मुलाकडं परगावी गेल्या होत्या, त्या आता परतल्या होत्या.

“झाले का हो माझे पडदे? उशीर माझाच झाला म्हणा. आणि मिस्त्री कुठं दिसत नाहीत? एरवी दारातच अडवतात, चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.”

आत लेकीचा हात कपाटाच्या दारावर थांबला.

“ते गेले,” आईचा आवाज आला. “हॉस्पिटलातच वारले. दोन महिने होत आले आता.” आणि मग, मास्तरीणबाई काही बोलायच्या आत, “बसा ना तुम्ही, उभ्या का? खालची दुमड मी चार बोटं ठेवली आहे. धुतल्यावर कापड आटलं तर उसवून सोडता येईल.”

इतक्या दिवसांत लेकीनं ते किती जणांना सांगितलं होतं. पत्रांत लिहिलं होतं, बटणं दाबून दाबून अनोळखी माणसांना ऐकवलं होतं, खिडकीत ओरडून सांगितलं होतं. सांगून सांगून तो शब्द शिक्क्यासारखा झाला होता. उमटवायचा आणि पुढचा कागद घ्यायचा. तोच शब्द आता पडद्याच्या दुमडीशेजारी, आईच्या रोजच्या आवाजात, बाहेरच्या खोलीत पडला, आणि तेव्हा तिचे बाबा गेले.

तिनं तोंडावर हात दाबला, पण हुंदका बोटांमधून निघालाच. दुसरा त्याहून मोठा निघाला. बाबांचे शर्ट हँगरवर जरासे हलले.

बाहेर बोलणं थांबलं. कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“माझी लेक आहे,” आई मास्तरीणबाईंना म्हणत होती. “तिला वेळच मिळाला नव्हता हो. तुम्ही पडदे बघून घ्या तोवर. मी जरा तिच्यापाशी जाते.”